घंटेत कोण बसलंय?

चकव्यानं दिलेला चहा पहिल्याच घोटात पिणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. आधी वास घ्यायचा, मग चमच्यानं तळ ढवळायचा, मग कप त्याच्याचकडे सरकवून म्हणायचं, "आधी तुम्ही घ्या." कारण साखरेच्या डब्यात मीठ ही त्याची बालवाडी. पुढचे वर्ग त्यानं केव्हाच पहिल्या नंबरानं पास केले होते. पन्नाशी आली, डोक्यावरचं पीक विरळ झालं, पोट पुढं आलं, पण खोडी काही गेली नाही. शेजारी बसलेल्याच्या चपला अलगद सरकवून दुसऱ्या टोकाला नेणं, पाठीवर चिठ्ठी चिकटवणं, खुर्चीच्या पायाला दोरी बांधून दाराआड उभं राहणं, हे सगळं तो अजून मन लावून करायचा. चकवा हे नाव त्याला ज्यानं ठेवलं त्याच्या तोंडात साखर पडो. म्हणजे डब्यात साखरच असेल तर.

पण एक होतं. दाखल्याच्या कागदावर चकवा थट्टा करत नसे. तिथं तो इतका सरळ वागायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा याचा जुळा भाऊ असणार.

त्याचा धंदाच तो. परदेशी माल पाठवणाऱ्या छोट्या कारखानदारांना मूळ देशाचा दाखला काढून द्यायचा. म्हणजे बघा, माल परक्या बंदरात उतरला की तिथले लोक पहिलं विचारतात, हे पोर कुणाचं? ज्या देशाशी त्यांचं जमतं तिथलं असेल तर जकात थोडी, नाहीतर पुरती. आणि हे पोर कुणाचं ते सांगणारा कागद म्हणजे दाखला. नवा कारखानदार आला की चकवा त्याला समोर बसवून नियम समजवायचा.

"पितळ बाहेरून आणलंत? आणा. लाकूड आणलंत? तेही आणा. पण ते इथं वितळवलंत, कापलंत, त्याची नवी वस्तू केलीत, तरच ती इथली. तयार वस्तू आणून पुसायची, चिठ्ठी लावायची, खोक्यात घालायची, हे चालणार नाही. दुसऱ्याच्या पोराला आंघोळ घालून टोपडं चढवलं म्हणून आपण त्याचे बाप होत नाही."

"अहो, पण पॉलिश तर आम्हीच..."

"म्हणजे पावडरपण लावता? छान. बाप तरीही नाही."

लोक हसायचे आणि हसता हसता त्यांना नियम कळायचा. आणि चकवा स्वतःचाही एक नियम पाळायचा. वस्तू बनताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो फाईल उचलत नसे.

म्हणूनच दाखल्याच्या कचेरीत त्याला रांग नव्हती. खिडकीमागं शिक्केवाल्या बाई बसायच्या. चष्मा दोरीनं गळ्यात, डाव्या हाताला ओला स्पंज, उजव्या हाताला शिक्का, आणि तोंडावर असा भाव की सगळं जग खोटं बोलायला घरून जेवून निघालंय. दुसऱ्या कोणाची फाईल आली की बाई तपासणीला माणूस धाडायच्या. चकव्याची आली की फक्त विचारायच्या.

"चकवासाहेब, माल कुठला?"

"इथलाच, बाई."

"बघितलात?"

"भट्टीशी हात शेकून आलोय."

ठप्प. झालं काम. मागं रांगेतले लोक दात खायचे. एकदा तर या चकव्यानं बाईंचा शिक्का पळवून त्या जागी रताळ्यातून कोरलेला शिक्का ठेवला होता. बाईंनी ठप्प केलं आणि कागदावर दात विचकणारं गाढव उमटलं. पण कागद कोरा होता बरं का! दाखला त्यानं आधीच बाजूला सरकवून ठेवला होता. बाईंनी त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि गाढवाचा कागद खणात जपून ठेवला. त्यांना त्यातलं नेमकं कळलं होतं. हा माणूस शंभर थापा मारेल, पण त्या कागदाच्या कडेला उभं राहून.

आता येतो ओतारी.

ओतारी म्हणजे चकव्याचा लंगोटीयार. शाळेत दोघांनी मिळून जे उद्योग केले त्यावर एक मास्तर मुदतीआधी निवृत्त झाले. पुढं ओताऱ्यानं बापाचं ओतकाम घेतलं आणि चकव्याच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं. त्यामुळं दोघं एकमेकांना मेहुण्या म्हणायचे, आणि दोघांनाही ते शोभायचं. ओतारी पितळेच्या घंटा करायचा. दुकानाच्या दाराला लावतात ना, गिऱ्हाईक आत आलं की टणकन वाजणाऱ्या, त्या. धंदाच घंटांचा म्हटल्यावर गावातली टवाळ पोरं काय काय म्हणत असतील ते तुम्हीच समजून घ्या. पण घंटा खणखणीत होत्या. लांबच्या देशात जायच्या, आणि त्यांचे दाखले काढायचा अर्थातच चकवा.

दर खेपेला माल पाठवायच्या आधी चकवा कारखान्यात जायचा. आणि त्याआधी धाकटीचा फोन यायचाच.

"दादा, कधी येतोयस? नक्की सांग बाई. आयत्या वेळी टपकलास तर घरात काही नसायचं. आधी कळवलंस की गरम गरम करून ठेवीन."

चकव्याला या फोनचं फार कौतुक होतं. बायकोला म्हणायचा, "बघ, बहीण असावी तर अशी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दादा उपाशी जाऊ नये याची काळजी." बायको म्हणायची, "घरी कोणी उपाशी ठेवतं का तुम्हाला?" पण ते वेगळं भांडण.

तो पोचायचा तेव्हा भट्टी लालबुंद असायची. मिशाळ कारागीर चिमट्यानं मूस उचलायचा, वितळलेलं पितळ साच्यात ओतायचा, धूर व्हायचा, ठिणग्या उडायच्या. चकवा हात पुढं करून शेकायचा आणि म्हणायचा, "मिशा सांभाळा हो, नाहीतर त्यापण निर्यातीत जातील." सगळे हसायचे. मग आतून धाकटी हाक मारायची, आणि पोटभर खाऊन, भाचरांचे कान पिळून, मामा घरी.

या खेपेचा माल बघायला गेला तेव्हा त्याला खोडी सुचली. ओतारी बाहेर बोलायला गेला होता, कारागीर पाणी प्यायला. समोर फळीवर गाभ्याचा साचा पडला होता. त्याचं असं असतं: घंटा आतून पोकळ. ती पोकळी राखायला मातीचा गाभा लागतो, आणि तो गाभा लाकडी साच्यात दाबून काढतात. साच्यात जे कोराल ते गाभ्यावर उठणार, आणि गाभ्यावरून प्रत्येक घंटेच्या पोटात उतरणार. चकव्यानं खिळा घेतला आणि साच्यात एक तोंड कोरलं. दोन डोळे, फेंदारलेलं नाक आणि बाहेर काढलेली लांब जीभ. दिसायला हुबेहूब ओतारी.

झालं! आता या घरातून निघणारी प्रत्येक घंटा पोटात ओताऱ्याला घेऊन परदेशी जाणार. बोट घातलं की जीभ लागणार. ओताऱ्याला कळलं की त्याचा फोन येणार, आणि पहिला शब्द शिवी असणार. चकवा त्या शिवीची वाट बघत बसला.

शिवी आली नाही.

त्याला वाटलं, मेहुणा म्हातारा झाला. की समजून उमजून गप्प बसलाय आणि उलटा डाव टाकतोय? चकव्याचं मन अशा वेळी फार आनंदात असायचं. फोन झाला तो फक्त धंद्याचा. माल तयार आहे, नमुन्याचं खोकं कचेरीत परस्पर पाठवलंय, दाखला काढ.

चकवा बगलेत फाईल मारून, शीळ घालत कचेरीत शिरला. ओताऱ्याची फाईल आणि तिच्याखाली आणखी एका गिऱ्हाइकाची, चटईवाल्याची. रांगेतल्या साबणवाल्याच्या पाठीवर जाता जाता 'मला चिमटा काढा' ही चिठ्ठी लावली आणि थेट खिडकीशी. खोकं बाईंच्या टेबलावर होतंच.

"चकवासाहेब, माल कुठला?"

"सांगतो. पण आज आधी गंमत. एक घंटा उचला. आत बोट घाला. घाबरू नका, चावत नाही. आत कोण बसलंय सांगा बघू?"

बाईंनी आधी घंटेकडं बघितलं, मग त्याच्या दोन्ही हातांकडं, मग टेबलाखाली. शेवटी नाइलाजानं बोट घातलं. चकव्याच्या चेहऱ्यावर हसू फुटायच्या बेतात होतं, दूध उतू जायच्या आधी वर येतं तसं.

"कोणी नाही," बाई म्हणाल्या.

"नीट बघा. लोलकाच्या वर. जीभ लागेल."

"गुळगुळीत आहे."

"द्या इकडे." त्यानं स्वतः बोट घातलं. फिरवलं. पुन्हा फिरवलं. दुसरी घंटा उचलली. मग तिसरी. मग खोक्यातल्या सगळ्या, एकेक करून, आणि त्या हलताना वाजायला लागल्या. अख्खी कचेरी टणटणायला लागली, रांगेतले लोक माना उंचावून बघायला लागले. एकाही घंटेत ओतारी नव्हता.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

साचा तोच, गाभा तोच. त्या साच्यातून एक जरी घंटा निघाली असती तरी जीभ बोटाला लागली असती. म्हणजे या घंटा त्या साच्यातून निघालेल्याच नव्हत्या. मग कुठून निघाल्या? चकव्यानं हातातली घंटा खोक्यात परत ठेवली. पण तोंड, सवयीचं गुलाम, आपोआप चाललं.

"फसलात ना, बाई! कोणी नाहीच आत!"

बाई कपाळाला हात लावून हसल्या. "तुम्ही ना, एक दिवस मार खाल. आणा ती फाईल." त्यांनी शिक्का स्पंजवर दाबला.

"बाई, थांबा." त्यानं फाईल मागं ओढली. "एक... एक गोष्ट बघायची राहिली."

आयुष्यात पहिल्यांदा तो आधी न कळवता कारखान्यावर गेला.

दार उघडंच होतं. आत धूर नाही, ठिणगी नाही. जमिनीवर गवताच्या पेंढ्यात गुंडाळलेल्या घंटांचे ढीग, परक्या लिपीत छापलेली फाडलेली खोकी, आणि कारागीर मांडी घालून फडक्यानं घंटा पुसत बसलेले. पुसायची, आपली चिठ्ठी लावायची, आपल्या खोक्यात घालायची. आंघोळ आणि टोपडं.

मिशाळ कारागिरानं मान वर केली. चकव्याला बघितलं मात्र, आणि गडी ताडकन उठला. फडकं फेकलं, हातोडी उचलली आणि समोरच्या रिकाम्या साच्यावर जोरजोरात ठोकायला लागला. ठण ठण ठण! दुसऱ्यानं घाईघाईत चिमटा धरला आणि थंडगार मूस उचलून उभा राहिला, जशी काही हाताला धग लागतेय. इतकी सवय झाली होती बिचाऱ्यांना. चकवा आला की असं करायचं.

एरवी चकवा हसून हसून लोळला असता.

तो भट्टीशी गेला. वाकून बघितलं. भट्टीच्या तोंडात राखेवर जुनं पोतं, आणि पोत्यावर मांजर पिल्लांना घेऊन पहुडलं होतं.

"अरे मेहुण्या!" मागून ओतारी आला, हात पुसत. "तू? असा अचानक? आज भट्टी जरा बंद आहे बघ. दुरुस्ती."

"आज?"

"हो, म्हणजे कालपासून."

"पिल्लांचे डोळे उघडलेत, मेहुण्या."

मागं हातोडी अजून चाललीच होती. "अरे थांब की!" ओतारी कारागिरावर खेकसला, आणि हातोडी थांबली.

"कधीपासून?" चकव्यानं विचारलं.

"हे बघ, भट्टी परवडत नाही आता. तयार माल स्वस्त येतो, तिकडं मागणी मोठी. मी एकटाच करतो का हे?"

"कधीपासून विचारतोय."

"झाली की दोनेक वर्षं."

"आणि मी येऊन बघायचो ते काय होतं? ठिणग्या, धूर?"

ओताऱ्यानं मान खाजवली. आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं हसूच आलं. तेच शाळेतलं हसू, मास्तर यायच्या आधीचं. "तेच पितळ रे दर वेळी. तू आलास की वितळवायचं, ओतायचं. तू गेलास की फोडून ठेवायचं, पुढच्या खेपेला. आठवतं, तपासणीवाले साहेब यायचे तेव्हा आपण अख्ख्या वर्गाला बोटं वर करायला शिकवायचो? येत असेल त्यानं उजवं, येत नसेल त्यानं डावं. तुझीच तर आयडिया. तुझीच विद्या तुझ्यावर चालवली, एवढंच. मस्करी समज ना!"

"मस्करीत ज्याची करतो त्याला शेवटी सांगतात," चकवा म्हणाला. "मग दोघं हसतात. तू मला कधी सांगणार होतास?"

ओताऱ्यानं पुसलेलेच हात पुन्हा पुसायला घेतले.

आवाज ऐकून धाकटी आतल्या दारातून आली. दादाला बघून थबकली. आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं:

"अरे दादा, फोन नाही केलास?"

बस. चकव्याला तिथंच सगळं समजलं. आत्तापर्यंत त्याला वाटत होतं की केसानं गळा कापला तो मेहुण्यानं. ते चालून गेलं असतं, मेहुणा हा प्राणी त्यासाठीच असतो. पण कधी येतोयस दादा, नक्की सांग दादा, गरम करून ठेवते दादा... ती गरम करून ठेवायची ती भट्टी होती. त्याचं ताट नुसतं सोबतीला.

"तुलाही माहीत होतं," तो म्हणाला. विचारलं नाही त्यानं.

"तुझ्यासाठीच केलं रे!" धाकटी रडकुंडीला आली. "तू कागदावर खोटं लिहीत नाहीस हे काय मला माहीत नाही? तुला सांगितलं असतं तर एकतर तू दाखला दिला नसतास, नाहीतर आमच्यासाठी खोटी सही केली असतीस आणि झुरत बसला असतास. तुला माहीतच नव्हतं, म्हणजे तू खरंच लिहिलंस ना? तू कुठं खोटा ठरतोस?"

"खोटा नाही. खुळा ठरतो."

"दादा..."

"मामा तर मी होतोच या घराचा. तुम्ही पुरता मामा बनवलात."

ओतारी पुढं आला, खांद्यावर हात ठेवायला. "हे बघ, झालं गेलं. हा एवढा माल जाऊ दे. बाई तुझ्या शब्दावर शिक्का मारतात, तुला एक वाक्य बोलायचंय फक्त. पुढच्या खेपेपासून खरंच ओततो. शपथ. तुझ्या बहिणीचं घर आहे रे हे. हवं तर आत्ता पेटवतो भट्टी, तुझ्या डोळ्यांदेखत."

"नको पेटवू," चकवा म्हणाला. "आत पिल्लं आहेत."

निघताना त्याची नजर फळीवर गेली. गाभ्याचा साचा तिथंच होता, वर बोटभर धूळ. त्यानं फुंकर मारली. दोन डोळे, फेंदारलेलं नाक, लांब जीभ. इतके दिवस तो ओताऱ्याला वेडावत होता आणि या घरात त्याच्याकडं कोणी बघितलंसुद्धा नव्हतं. आता तो चकव्यालाच वेडावत होता.

कचेरीच्या जिन्यावर तो जरा वेळ बसला. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलावं तर बहिणीचं घर बसतं. गप्प बसावं तर सोपं होतं, अगदी सोपं. 'इथलाच, बाई.' दोन शब्द. जन्मभर ते तो सहज बोलत आला होता, आणि त्याच्याजवळ खरं असं तेवढंच होतं. बाकी सगळं मीठ. आणि उद्या परक्या बंदरात कोणी घंटा ओळखल्या तर त्याची सही तर जाईलच, पण त्याच्या नुसत्या शब्दावर शिक्का मारणाऱ्या बाईंची खुर्चीही जाईल, पायाला दोरी न बांधता.

तो खिडकीशी गेला.

"आलात? राहिलेली गोष्ट बघितलीत?" बाईंनी शिक्का उचलला. "माल कुठला?"

"इथला नाही, बाई."

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग चष्मा नाकावर चढवून टेबलाखाली वाकून बघितलं. "कुठाय दोरी?"

"दोरी नाही. तयार घंटा बाहेरून येतात. इथं नुसत्या पुसतात."

"पुरे हं आता. सकाळी एकदा फसवलंत तेवढं बास. आज मला कामं आहेत."

"सकाळी फसवलं नव्हतं, बाई. सकाळी मीच फसलो होतो. आत खरंच कोणीतरी असायला हवं होतं." आणि त्यानं सांगितलं. साचा, खिळा, जीभ. भट्टीतलं मांजर. धाकटीचा फोन मात्र त्यानं गाळला.

बाईंनी सगळं ऐकलं. मग सकाळचीच घंटा उचलली, पुन्हा बोट आत घातलं आणि सावकाश फिरवलं, काहीतरी लागेल अशा आशेनं. घंटा खाली ठेवली तेव्हा त्या हसत नव्हत्या.

"आधीचे दाखले?"

"दोन वर्षांतले सगळे. त्या नाटकाला पहिल्या रांगेत मी होतो."

"आणि मी तुमच्या शब्दावर..."

"हो."

बाईंनी शिक्का पेटीत ठेवला. "यापुढं तुमची फाईल रांगेतून येईल. प्रत्येक."

"बरोबर आहे."

"ही चटईवाल्याची पण."

"ती पण."

"तिकडं तपासणीला माणूस पाठवावा लागेल." बाईंनी कोरा कागद ओढला. "जायच्या आधी कारखान्याला कळवायची आमच्याकडं पद्धत आहे. तिथला फोन नंबर सांगा."

चकव्याला तो नंबर झोपेतसुद्धा पाठ होता.

"कळवू नका, बाई," तो म्हणाला. "फोन केला की ती भट्टी पेटवते."

ती कोण, हे बाईंनी विचारलं नाही. कागद बाजूला ठेवला.

चटईवाल्याची फाईल घेऊन चकवा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुढं सकाळचा साबणवाला होता. कुठलासा कागद राहिला म्हणून बिचारा परत आला होता. त्यानं मागं वळून बघितलं, चकवा दिसला, आणि त्यानं झटकन हात मागं नेऊन आपली पाठ चाचपली. वर, खाली, खांद्यांच्या मध्ये.

काहीच नव्हतं. तरी तो बराच वेळ चाचपत राहिला.